सोळा खणांचा करार

सिंदखेड राजा तालुक्यातील दुसरबीडच्या शिवारात शंभर फूट लांबीच्या धुऱ्यावर दर दहा फुटांवर खांब रोवून तारेचे कुंपण घालायचे ठरले, तर खांब दहा नव्हे, अकरा लागतात, हे तिथल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या हातून मात्र हीच एकाची चूक पुन्हा पुन्हा होते, आणि कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या आज्ञांमध्ये उतरवणारे सॉफ्टवेअर, त्या चुकीतून कधीकधी अगदी अनपेक्षित निष्कर्ष काढतो.

एकाच प्रकारच्या मूल्यांसाठी संगणकाच्या मेमरीत सलग राखलेल्या खणांना अ‍ॅरे म्हणतात. सी भाषेत खणाचा क्रमांक म्हणजे आरंभापासूनचे अंतर असल्यामुळे मोजणी शून्यापासून होते, आणि सोळा खणांच्या अ‍ॅरेत शेवटचा खण पंधरा क्रमांकाचा असतो. सोळा क्रमांकाचा खण मागितला तर काय व्हावे, याविषयी सी भाषेचे मानक कोणतेही बंधन घालत नाही. अशा स्थितीला अव्याख्यात वर्तन म्हणतात. ही मोकळीक अपरिहार्य नव्हती. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी 1980 च्या ट्युरिंग पुरस्कार व्याख्यानात सांगितले होते की, त्यांच्या अल्गोल 60 या भाषेच्या कंपायलरमध्ये प्रत्येक क्रमांक सीमेत आहे की नाही हे प्रोग्रॅम चालताना तपासले जाई, आणि पुढे वेगासाठी ही तपासणी बंद करण्याची सोय देऊ केली असता ग्राहकांनी ती एकमुखाने नाकारली. सी भाषेने तो मार्ग सोडला, आणि त्याची किंमत पुढच्या पिढ्या आजही मोजत आहेत.

मार्च 2013 मध्ये जीसीसी या मुक्त कंपायलरची 4.8 ही आवृत्ती आली, तेव्हा संगणकाचा वेग मोजण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या स्पेक सीपीयू 2006 या संचातील, व्हिडिओ संकुचित करणारा एच-264 चा प्रोग्रॅम अनंत फेऱ्यांत अडकू लागला. दोष वरवर पाहता कंपायलरचाच होता, कारण प्रोग्रॅममधले एक अक्षरही बदलले नव्हते.

अडचण एका छोट्याशा लूपमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या आज्ञांच्या गटात, होती. त्यात सोळा खणांच्या अ‍ॅरेतील मूल्यांची, ऋण चिन्ह सोडून, बेरीज होत असे. प्रत्येक फेरीच्या अखेरीस क्रमांक एकाने वाढवून पुढचा खण आधी वाचला जाई आणि क्रमांक सोळापेक्षा लहान आहे का, हे त्यानंतर पाहिले जाई. म्हणजे शेवटच्या फेरीत अस्तित्वात नसलेला सोळा क्रमांकाचा खण वाचला जाई, ते मूल्य कुठेच वापरले जात नसे आणि लूप संपे. नव्या कंपायलरने याच ठिकाणी तर्क चालवला: खण वाचला गेला आहे, वाचन वैध असणार हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने भाषेच्या करारानुसार मान्य केलेले आहे, म्हणून क्रमांक पंधरापेक्षा मोठा असूच शकत नाही, मग सोळाशी होणारी तुलना सदैव खरी ठरते, आणि जी तुलना सदैव खरी ती ठेवायची कशाला? तुलना काढून टाकली गेली आणि लूपला बाहेर पडायला वाटच उरली नाही.

प्रोग्रॅमच्या कोणत्या टप्प्यावर कोणती गोष्ट खरी असते, हे, इथे कंपायलरने केले तसे, प्रोग्रॅम न चालवता ठरवण्याच्या शास्त्राला डेटा फ्लो अ‍ॅनालिसिस म्हणतात. मुंबईच्या आयआयटीत धनंजय धामधेरे यांनी आणि पुढे उदय खेडकर यांनी या विषयात दीर्घकाळ काम केले आहे. खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री साठे यांचा या विषयावरचा इंग्रजी ग्रंथ 2009 मध्ये आला. याच संस्थेतील जीसीसी रिसोर्स सेंटरने जीसीसीसारख्या अवाढव्य कंपायलरचे अंतरंग विद्यार्थ्यांना उलगडून दाखवण्याचे जे काम केले, ते फार मोलाचे आहे, कारण असा दोष केवळ बाहेरून पाहून हाती लागत नाही.

निदानाची रीत मात्र धीराने जमते. तोच प्रोग्रॅम प्रथम ऑप्टिमायझेशनशिवाय, म्हणजे वेगासाठी कंपायलर करतो त्या बदलांशिवाय, आणि मग त्यासह कंपाइल करून फरक पाहिला जातो. त्यानंतर आक्रमक लूप-ऑप्टिमायझेशन बंद करणारा, 4.8 मध्येच आलेला पर्याय देऊन फरक नाहीसा होतो का, हे तपासले जाते. हजारो ओळींचा प्रोग्रॅम छाटत छाटत दहा ओळींवर आणला जातो. दोष कंपायलरच्या कोणत्या बदलापासून सुरू झाला हे शोधताना बदलांची यादी दर वेळी अर्धी केली, तर हजार बदलांतून दोषी बदल सुमारे दहा चाचण्यांत सापडतो. जीसीसी कंपाइल करण्याच्या प्रत्येक टप्प्यानंतरचे प्रोग्रॅमचे रूप फाइलमध्ये लिहून देऊ शकतो. त्या फाइली एकापुढे एक वाचत गेले, की एका फाइलीत सोळाशी केलेली तुलना दिसते आणि पुढच्या एखाद्या फाइलीत ती नसते. त्या दोन फाइलींच्या मधला टप्पा हाच संशयित ठरतो.

यानंतरचा प्रश्न सर्वांत अवघड: करार कोणी मोडला? 2013 मध्ये उत्तर प्रोग्रॅमच्या विरोधात गेले, आणि भाषेच्या नियमांनुसार ते योग्यच होते. तरीही जुन्या, निरुपद्रवी वाटणाऱ्या चुकीला एवढी कठोर शिक्षा देणाऱ्या कंपायलरने वापरणाऱ्याला स्पष्ट इशारा द्यावा, ही अपेक्षा रास्त आहे. पुढे 2015 मधील जीसीसी 5 मध्ये प्रोग्रॅम चालताना अ‍ॅरेच्या सीमा तपासण्याचा पर्याय आला, म्हणजे अल्गोलची तपासणी निदान चाचणीपुरती तरी सी भाषेत परतली. एच-264 च्या त्या लूपची दुरुस्ती मात्र जेमतेम एका ओळीची आहे: क्रमांक सोळापेक्षा लहान आहे हे आधी पाहायचे, आणि खण त्यानंतर उघडायचा.