शेवाळ काढा, पण मासळी सांभाळून

परसातल्या मत्स्यतळ्यात दोऱ्यासारखं हिरवं शेवाळ माजलं की हात लगेच मोरचुदाकडे जातो. जरा थांबा. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका शेतकऱ्याला हा सल्ला मीच दिला होता. सगळं शेवाळ एकदम मेलं, तळ्यातच कुजलं आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू संपला. तिसऱ्या दिवशी पहाटे रोहू, कटला पोट वर करून तरंगत होते. वर्षाची कमाई गेली.

शेवाळ माजतं कशामुळे? उथळ पाणी, तळापर्यंत पोचणारं ऊन आणि जादा खत. गोठ्याचं सांडपाणी, शेतातून वाहून आलेला युरिया, न खाल्लेली पेंड हे सारं त्याचं खाद्य.

मग करावे काय? बांबूला काथ्या बांधून पाण्यात फिरवा, दोरे गुंडाळून येतात. प्लास्टिकच्या तळ्यात दाताळं घालू नका. काढलेलं शेवाळ काठावर ठेवलं तर पावसाने परत आत जातं. उकिरड्यात टाका, खत होईल. पाणी 5-6 फूट राखा. शेण टाकणं बंद ठेवा. पेंड-कोंडा मासे अर्ध्या तासात संपवतील इतकाच द्या. गवत्या मासा कोवळं शेवाळ खातो, तो मोजकाच सोडा.

रात्री शेवाळसुद्धा प्राणवायू ओढतं. म्हणून पहाटे तळ्यावर एक चक्कर माराच. मासे वर तोंड काढून हवा घेत असतील, तर खाद्य थांबवा आणि ताजं पाणी उंचावरून सोडा.