फळीवरची पुलगाव-आर्वी

वर्ध्याजवळच्या नालवाडीच्या घरात रेल्वेची प्रतिकृती उभारायची, तर नमुना जिल्ह्यातलाच आहे: 1917 साली सुरू झालेली पुलगाव-आर्वी नॅरोगेज. काळ निवडावा 1950 च्या दशकातला, वाफेच्या इंजिनाचा.

प्रचलित प्रमाण 1:87. त्यात माणूस जेमतेम दोन सेंटिमीटरचा होतो. मूळ रुळांमधले अंतर 762 मिलिमीटर. प्रतिकृतीत ते पावणेनऊ भरते, म्हणून बाजारातला 9 मिलिमीटरचा रूळ चालतो. मात्र 35 किलोमीटरचा मार्ग या प्रमाणातही 400 मीटर होईल! तेव्हा एखादेच स्टेशन आणि भोवतालची शेते घ्यावीत.

प्लायवूडवर आधी रूळ ठोकून गाडी चालवून पाहावी, देखावा नंतर. बहुतेक इंजिने 12 व्होल्टच्या डीसी विजेवर धावतात. धन-ऋण टोके बदलली की उलटी जातात. चढउतार थर्मोकोलचे, त्यावर प्लास्टर. वस्त्रगाळ काळी माती भुरभुरून पातळ फेविकॉल सोडावा. त्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकला की तो नीट झिरपतो. तारेच्या बाभळी, कापसाच्या गाठी, बैलगाड्या मांडल्या की विदर्भ उभा राहतो.

सुरुवातीपूर्वी पुण्यात कोथरूडचे जोशी लघुरेल्वे संग्रहालय जरूर पाहावे.