लाकडाच्या टालीवरचं पायथन

लकडगंजातल्या एका लाकडाच्या टालीसाठी २०११ मध्ये मी साठ्याचा आणि बिलाचा प्रोग्राम लिहिला, पायथन २.७ मध्ये. पायथन ३ खरं तर डिसेंबर २००८ मध्येच आलं होतं. पण मला लागणाऱ्या कितीतरी लायब्रऱ्या त्यावर चालत नव्हत्या. पुढे २.७ च्या देखभालीची २०१५ ची मुदत २०२० पर्यंत वाढली आणि मी निर्धास्त झालो.

टालीवर रोज लागायचं मराठी आणि भागाकार. नेमकी तिथेच दोन्ही पायथनं वेगळी वागत. ‘सागवान’ जुन्याला १८ बाइटांचा दिसे, म्हणून बिलाच्या रकान्यात नाव मधेच तुटे. नव्याला तोच शब्द ६ चिन्हांचा. हे सुख मोठं होतं. भागाकारानं मात्र घात केला. २० फुटी फळीतून ३ फुटी तुकडे किती? जुनं पायथन ६ सांगे, उरलेला अपूर्णांक मुकाट गाळून, आणि माझा सारा हिशोब त्या गाळण्यावर उभा होता. नव्यावर ६.६७ तुकड्यांचं बिल निघालं. मुनीमजींनी कागद पुढे धरला, “भाऊ, हा अर्धामुर्धा तुकडा कोण नेईल?”

सगळ्यांत जास्त रात्री गेल्या त्या पॅकेजांपायी. माझा प्रोग्राम जँगो या वेब फ्रेमवर्कवर होता. डिसेंबर २०१७ मध्ये जँगो २.० आलं, त्यानं पायथन २ सोडलं. पुढच्याच उन्हाळ्यात टालीवरची हार्ड डिस्क गेली, सगळं नव्यानं बसवावं लागलं. आपल्याला कोणतं पायथन चालतं, हे सांगणारी ओळ जँगोच्या पॅकेजात होती. पण ती पाळायला पॅकेजं बसवणारं पिप शिकलं नोव्हेंबर २०१६ च्या ९.० पासून, आणि आमचं पिप त्याआधीचं. ते सरळ सर्वांत नवं जँगो आणायला गेलं आणि अडलं. पिप नवं असतं तर आपणहून १.११ वर थांबलं असतं. व्हर्जन नेमकी लिहून ठेवली नव्हती, ही चूक माझीच. दोन दिवस बिलं हातानं लिहिली गेली, ते मला अजून लागतं.

मग ‘सिक्स’ लायब्ररी घेतली. दोन गुणिले तीन, म्हणून सिक्स. तिच्या आधारानं एकच कोड दोन्हीकडे चालवत एकेक फाइल सोडवली. एप्रिल २०२० मध्ये पायथन २ चं शेवटचं व्हर्जन, २.७.१८, आलं. लॉकडाउनमध्ये टाल बंद होती. त्याच आठवड्यांत घरी बसून मी शेवटची फाइल बदलली.

जून २०२३ च्या डेबियन १२ या लिनक्समध्ये पायथन २ उरलंच नाही. टालीवरची मशीन त्यावर नेली, तेव्हा मुनीमजींनी पहिलं बिल स्वतः छापलं आणि आधी तुकड्यांचा रकाना पाहिला.