पुरापूर्वीचे साहाय्य : घरमालकाचा अर्ज आणि गावाची जबाबदारी

दिनांक १७ व १८ ऑगस्ट २०२५ च्या दरम्यान रात्री नांदेड जिल्ह्याच्या मुखेड तालुक्यात अतिवृष्टी झाली. लेंडी प्रकल्पाच्या परिसरातील रावणगाव, हसनाळ आदी गावांत पाणी शिरले, काही जणांचे प्राण गेले आणि बचावकार्यासाठी लष्कराला पाचारण करावे लागले. पुढील महिन्यात मराठवाड्याच्या मोठ्या भागाला पुन्हा तोच अनुभव आला. त्यानंतर अनेक कुटुंबांनी विचारलेला प्रश्न साधा होता : पडलेल्या घरासाठी शासन पैसे देते, मग घर पडू नये म्हणून का देत नाही? या प्रश्नाचे उत्तर समजून घेणे प्रत्येक घरमालकाच्या हिताचे आहे.

शासकीय साहाय्य दोन प्रकारचे असते. पहिले मदतीचे. पूर ओसरल्यावर तलाठी व ग्रामसेवक पंचनामा करतात आणि ठरलेल्या निकषांनुसार रक्कम मिळते. केंद्राच्या २०२२ ते २०२६ या कालावधीच्या निकषांत सपाट प्रदेशातील पूर्णतः नष्ट झालेल्या घरासाठी १,२०,००० रुपये, तर अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घरासाठी ६,५०० व कच्च्या घरासाठी ४,००० रुपये ठरविण्यात आले. दुसरे साहाय्य उपशमनाचे, म्हणजे आपत्तीचा आघात आधीच सौम्य करण्याचे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ मध्ये दोन्ही प्रकारच्या निधींची तरतूद आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या वर्षांसाठी एकूण आपत्ती निधीपैकी ८० टक्के प्रतिसादासाठी व २० टक्के उपशमनासाठी राखून ठेवण्याची शिफारस केली होती.

या दोन साहाय्यांचे मार्ग निरनिराळे आहेत. मदत ही झालेल्या नुकसानीवर आधारलेली असल्याने ती थेट कुटुंबाच्या नावे जमा होते. उपशमनाचा निधी मात्र आराखड्यावर मिळतो आणि आराखडा सादर करतो तो स्थानिक प्रशासन, एकटा घरमालक नव्हे. अमेरिकेतही हीच रीत आहे. तेथे पुराच्या पट्ट्यातील घर उंच करण्यासाठी अथवा ते विकून अन्यत्र जाण्यासाठी संघराज्य शासनाचे अनुदान मिळते, परंतु घरमालकाला थेट अर्ज करता येत नाही. त्याचे नगर किंवा परगणा त्याच्या वतीने प्रस्ताव तयार करतो, राज्य तो पुढे पाठविते आणि साधारणतः तीन चतुर्थांश खर्च केंद्र उचलते. नगराने पुढाकार घेतला नाही, तर मालक कितीही गरजू असला तरी त्याचे कागद पुढे सरकत नाहीत.

आपल्या प्रदेशाने या पद्धतीचा मोठा अनुभव घेतलेला आहे. दिनांक ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे झालेल्या किल्लारीच्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरील मातीचे जड माळवद हेच बहुतेकांच्या मृत्यूचे कारण ठरले. जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. त्याच वेळी अन्य हजारो गावांतील पावणेदोन लाखांहून अधिक घरे मालकांनीच दुरुस्त व बळकट करावीत, असे ठरले. त्यासाठी अनुदान हप्त्याहप्त्याने देण्यात आले आणि पुढील हप्ता कामाची पाहणी झाल्यावर मिळत असे. माळवदावरील माती कमी करणे, भिंतीच्या दोन्ही बाजू जोडणारे लांब दगड बसविणे आणि लाकडी खांब व तुळयांना तिरके आधार देणे, अशी ती कामे होती.

हे काम केवळ अभियंत्यांच्या बळावर झाले नाही. 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या साहाय्याने गावोगावच्या स्त्रिया 'संवाद सहायक' म्हणून पुढे आल्या. यादीत नाव आहे की नाही, हप्ता का थांबला, काम कसे करून घ्यावे, हे त्यांनी शेजाऱ्यांना समजावून सांगितले. एक उणीवही राहिली. दगडावरचा विश्वासच उडाल्यामुळे पुष्कळांनी अनुदानातून पत्र्याची नवी खोली बांधली आणि जुने दगडी घर तसेच ठेवले. पैसा पोहोचला, तरी धोका मात्र पुष्कळ ठिकाणी कायम राहिला. साहाय्याबरोबर समजूतही पोहोचली पाहिजे, हा त्यातील धडा होय.

पुराच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. जलसंपदा विभाग नदीकाठी निळी व लाल अशा दोन पूररेषा आखतो. निळी रेषा सुमारे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई असते. नांदेडसारख्या गोदाकाठच्या शहरात नदीलगत राहणारी कुटुंबे बहुधा गरीब असतात. ज्याच्या नावावर जागा नाही, जो भाडेकरू आहे, जी विधवा पतीच्या मृत्यूनंतर नोंद बदलून घेऊ शकली नाही, ती सर्व माणसे अर्ज सुरू होण्यापूर्वीच यादीबाहेर राहतात. पाणी मात्र कोणाचा उतारा पाहून घरात शिरत नाही.

म्हणून पुढील पावसाळ्याची वाट न पाहता काही कामे करून ठेवावीत. घराचा नमुना ८ चा उतारा अथवा नगरपालिका, महानगरपालिकेच्या कर आकारणीची नोंद अद्ययावत करावी. वारसनोंद राहिली असल्यास ती पूर्ण करावी आणि पती-पत्नी दोघांची नावे लावून घ्यावीत. घराची आतून-बाहेरून छायाचित्रे जपून ठेवावीत. पूररेषेच्या नकाशात आपले घर कोठे येते, हे पाहून घ्यावे. ग्रामसभेत गटारे, नाले, संरक्षक भिंत व धोक्यातील घरे यांची यादी करून ठराव मंजूर करून घ्यावा. प्रस्तावाचा प्रारंभ तेथूनच होतो.

धर्मग्रामातील शिकलेल्या तरुणांनी व महिला मंडळांनी रविवारच्या मिस्सानंतर तासभर बसून शेजाऱ्यांचे, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, कागद तपासून दिले, तर ते मोठे सेवाकार्य ठरेल. संवाद सहायकांचे काम याहून निराळे नव्हते. ग्रामसभेच्या ठरावात आपल्या वस्तीचे नाव आले आहे का, एवढे प्रथम विचारावे. नसेल तर पुढील ग्रामसभेची तारीख लिहून ठेवावी.