आजीच्या हातावरचे गोंदण

उमरखेड तालुक्यातील ढाणकीसारख्या बाजाराच्या गावी भाजी घेताना विकणाऱ्या म्हातारीच्या हाताकडे जरा निरखून पाहावे. सुटे पैसे मोजणाऱ्या त्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत हिरवट-निळे ठिपके दिसतात. तिथे कधी तुळस होती, कधी विंचू, कधी एखादे नाव. आता रेषा फुगल्या आहेत, ठिपके एकमेकांत मिसळले आहेत. नात विचारते, ‘‘आजी, हे काय आहे गं?’’ आणि आजी हसून हात पदराखाली घेते.

पैनगंगेच्या या काठावर आंध, गोंड, कोलाम, बंजारा अशा अनेक समाजांची वस्ती आहे. गोंदण यांच्यापुरतेच नव्हते. कुणब्याच्या घरातही ते होते. गोंदणाऱ्या बाया गावोगाव फिरत. काजळी कालवायची, दोन-चार सुया एकत्र बांधायच्या आणि रडणाऱ्या पोरीला गाण्यात गुंतवून हात गोंदायचा. सोन्याचे दागिने सावकाराकडे जातील, चोर नेईल. गोंदण मात्र मेल्यावरही सोबत येते, ही समजूत. ज्या बाईने उभ्या जन्मात नवऱ्याचे नाव तोंडाने घेतले नाही, तिच्या हातावर ते लिहिलेले असायचे. सरकारी कागदांवर ‘ओळखीची खूण’ असा रकाना असे, तिथेही हेच गोंदण कामी येई.

कातडीखाली काय घडते?

गोंदण वरच्या कातडीत नसते. वरची कातडी सतत झडते आणि नवी येते. सुई काजळीचे कण त्याखालच्या थरात नेऊन ठेवते. शरीराच्या भक्षक पेशी हे कण परके म्हणून गिळतात, पण पचवू शकत नाहीत. मार्सेय येथील फ्रेंच शास्त्रज्ञांनी २०१८ साली उंदरांवर प्रयोग करून दाखवले, की अशी पेशी मेली की तिच्यातले कण बाहेर पडतात आणि शेजारी आलेली नवी पेशी ते पुन्हा गिळते. म्हणजे शरीर जन्मभर हे गोंदण एका हातातून दुसऱ्या हातात देत राहते. या देवघेवीत काही कण थोडे सरकतात, म्हणून वर्षांनुवर्षांनी रेषा पसरते. काळी काजळी हिरवी-निळी दिसते, कारण ती आपण कातडीच्या पडद्याआडून पाहत असतो.

काजळी मोठी चिवट. आल्प्सच्या बर्फात १९९१ साली सापडलेल्या ५३०० वर्षांपूर्वीच्या माणसाच्या अंगावर ६१ खुणा आहेत. त्याही काजळीच्याच, आणि बऱ्याचशा कंबर, गुडघा, घोटा अशा दुखऱ्या जागी. तेव्हा काजळी टिकते. म्हातारी होते ती कातडी. वयाबरोबर ती पातळ होते, तिचा ताण जातो, तेल आटते. जन्मभर उन्हात कापूस वेचलेल्या हाताची तर फारच दैना होते. म्हणून गोंदणाची काळजी म्हणजे खरे तर त्या हाताची काळजी.

काळजी कशी घ्यावी?

यासाठी महागडी मलमे लागत नाहीत. आंघोळीचे पाणी फार कढत नसावे, कपड्याचा साबण अंगाला लावू नये, गोंदण ‘उजळावे’ म्हणून दगडाने घासू नये. अंग ओलसर असतानाच खोबरेल हलक्या हाताने चोळावे. शेतात जाताना आपल्याकडच्या बाया लुगड्यावर पूर्ण बाह्यांचा सदरा चढवतात, तो उत्तम उपाय आहे.

मात्र काही गोष्टी वाऱ्यावर सोडू नयेत. काळ्या गोंदणाखाली बदलणारा तीळ झाकला जातो. गोंदलेल्या जागी गाठ आली, सतत खाज सुटली, रक्त आले किंवा तीन-चार आठवड्यांत जखम भरली नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. काजळीचे काही कण काखेतल्या लसिकाग्रंथींतही जाऊन बसतात. म्हणून छातीची तपासणी किंवा शस्त्रक्रिया असेल तेव्हा डॉक्टरांना गोंदणाची कल्पना द्यावी. पण काखेत गाठ लागली, तर ‘गोंदणामुळे असेल’ म्हणून घरी बसू नये. मधुमेही माणसाने जुने गोंदण पुन्हा गिरवून घेण्याच्या फंदात पडू नये, जखम चिघळते.

पुसावे की ठेवावे?

पोरी शाळेत गेल्या, शहरात नांदायला गेल्या, आणि गोंदण गावंढळपणाची खूण ठरले. कुणी तेजाबासारखे काही लावून ते जाळले. गोंदण गेले आणि त्याहून ठळक व्रण राहिला. आज लेसरने काळी काजळी बऱ्यापैकी फिकी होते. पण त्यासाठी अनेक खेपा लागतात, खर्च होतो आणि आपल्या सावळ्या कातडीवर पांढरट किंवा काळपट डाग राहण्याचा धोका असतो. कोणाला खरोखर नको असेल तर त्याने जाणत्या डॉक्टरकडे जावे. लाजेपोटी मात्र जाऊ नये.

काळाची गंमत अशी, की जे आजीने लपवले तेच नातू हौसेने, रंगीत शाईत आणि ‘टॅटू’ या नावाने करून घेतो. काजळीपेक्षा रंगीत शाई उन्हात लवकर उडते, आणि लाल रंगाची अ‍ॅलर्जी जास्त आढळते, हे त्याने ध्यानात ठेवावे. जत्रेत एकाच सुईने दहाजणांना गोंदतात तिथे हात पुढे करू नये. कावीळ ब आणि क, एचआयव्ही यांची लागण अशा सुईने होऊ शकते. सैन्यात जायचे स्वप्न असेल तर भरतीचे नियम आधी वाचावेत. हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, तसेच पंजाच्या मागे गोंदलेले चालते. इतरत्र चालत नाही. आदिवासी जमातींना मात्र परंपरेप्रमाणे सवलत आहे. जी खूण आपण घरात मागासलेली मानली, तिला सैन्याने परंपरा म्हणून मान दिला आहे.

घरात अशी गोंदलेली आजी असेल, तर संध्याकाळी वाटीत थोडे खोबरेल घेऊन तिच्याजवळ बसावे. म्हाताऱ्या माणसाचा हात हातात घेणारे कोणी फारसे नसते. तेल लावता लावता विचारावे, हा ठिपका कोणी गोंदला, तेव्हा वय काय होते, विंचू का काढला, हे नाव कोणाचे. ती सांगेल ते वहीत उतरवून घ्यावे, हातांचे छायाचित्र काढून ठेवावे. रेषा पसरत जाणारच, ते कोणाला थांबवता येत नाही. त्यांचा अर्थ मात्र सांगणारी आहे तोवरच कळेल.