धूसर काचेपलीकडचा लाल

फोनच्या गॅलरीत जरा मागे स्क्रोल करा. हात हलल्यामुळे ‘बिघडलेला’, लेन्सवर थेंब आल्यामुळे धूसर झालेला, फोकस भलतीकडेच गेलेला असा एखादा तरी फोटो सापडेलच. तो डिलीट करायचा राहून गेलाय, की मुद्दाम ठेवलाय? मुद्दाम ठेवला असेल, तर त्यात कोण आहे, कुठे काढलाय हे धड कळत नसूनही काहीतरी आत जाऊन लागलंय. फोटोग्राफीत या ‘काहीतरी’चा एक अख्खा प्रांत आहे. तिथे वस्तू जेमतेम ओळखू येते आणि बोलायचं काम रंग करतात. पूर्ण अमूर्त नाही, पण अमूर्ताच्या उंबरठ्यावर उभं असलेलं चित्र.

या प्रांतातला एक भन्नाट माणूस म्हणजे सॉल लायटर. जन्म १९२३चा, अमेरिकेतल्या पिट्सबर्गचा. वडील ज्यू धर्मशास्त्राचे मोठे अभ्यासक. मुलानंही त्याच वाटेनं जावं ही घरची अपेक्षा. पठ्ठ्यानं १९४६ मध्ये ते शिक्षण अर्ध्यावर सोडलं आणि चित्रकार व्हायला थेट न्यूयॉर्क गाठलं. वडिलांना ते रुचलं नाही. (ओळखीची वाटतेय ना स्टोरी?) तिथेच तो फोटोग्राफीकडे वळला. त्या काळी ‘सिरियस’ फोटो म्हणजे ब्लॅक अँड व्हाइट. रंग जाहिरातींसाठी आणि मासिकांसाठी. लायटर मात्र आपल्याच राहत्या भागातल्या गल्ल्यांमधून रंगीत कोडॅक्रोम फिल्म घेऊन हिंडायचा. कधी कधी तर मुदत संपलेली फिल्मसुद्धा वापरायचा. तिच्यात रंग कसे उतरतील याचा नेम नसायचा, आणि त्याला तेच चालायचं.

त्याचा ‘फूटप्रिंट्स’ हा १९५०च्या सुमाराचा फोटो बघाच. वरून दिसणारा बर्फाळ रस्ता, पावलांचे ठसे आणि एक लाल छत्री. बस्स. छत्रीखालचा चेहरा दिसत नाही. ‘थ्रू बोर्ड्‌स’मध्ये (१९५७) तर बरीचशी चौकट काळ्या फळ्यांनीच झाकलीय. मधल्या चिंचोळ्या फटीतून जेवढा रस्ता दिसेल तेवढाच आपला. ‘स्नो’मध्ये (१९६०) वाफ धरलेल्या काचेपलीकडे एक माणूस आहे, पण काचेवरचे ओघळ त्याच्याइतकेच महत्त्वाचे.

मग यात भावना येते कुठून? ‘लाल म्हणजे राग, निळा म्हणजे उदासी’ असा तक्ता आपण शाळेपासून पाठ केलाय. तो इथे फारसा उपयोगी नाही. रंग एकटा कधीच नसतो, शेजाऱ्यामुळे तो बदलतो. शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १८३९ मध्येच हे सविस्तर मांडलं होतं. तोच लाल रंग दिवाळीच्या बाजारात हरवून जाईल. राखाडी बर्फावर मात्र तो एकट्या माणसासारखा दिसतो. शिवाय तपशील कमी झाला की डोळा नावं शोधायचं थांबवतो. ‘ही छत्री, ती गाडी’ हे संपतं आणि उरलेली जागा आपण आपल्या आठवणींनी भरतो. म्हणून एकाच फोटोसमोर दोघांना दोन वेगळ्या गोष्टी वाटतात, आणि दोघंही बरोबर असतात.

आता खरा मुद्दा. रंगीत प्रिंट काढणं तेव्हा फार महाग होतं. त्यामुळे लायटरच्या असंख्य स्लाइड्स डब्यांतच पडून राहिल्या. पोटापाण्यासाठी तो फॅशन फोटोग्राफी करत होता. ‘अर्ली कलर’ हे पुस्तक आलं २००६ मध्ये, तेव्हा त्यानं ऐंशी ओलांडली होती. जग त्याला रंगीत फोटोग्राफीच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक म्हणू लागलं आणि २०१३ मध्ये तो गेला. म्हणजे जवळपास अर्धं शतक, लाइक सोडाच, बघणारी माणसंही मोजकीच. तरी तो रोज खाली उतरून फोटो काढत राहिला. पोस्ट केल्यावर दहा मिनिटांत नोटिफिकेशन आली नाही की आपण फोटो आर्काइव्ह करतो. तो फोटो आपल्याला आवडला होता की नाही, हे तेवढ्यात ठरलेलंसुद्धा नसतं.

करून बघायचंय? पावसात एसटीची नाहीतर लोकलची काच मिळाली, की फोकस बाहेर नको, काचेवरच्या थेंबावर लॉक करा. बाहेरचं जग आपोआप रंगांचे डाग होईल. फोनच्या प्रो मोडमध्ये शटर १/८ सेकंदाच्या आसपास ठेवून चालता चालता भिंत टिपा. पण एक पथ्य पाळा: धूसर झालं म्हणून ते कला होत नाही. चौकटीतला एक रंग बोटानं झाका. काहीच बिघडलं नाही, तर फोटो अजून झालेला नाही. जीव गेल्यासारखा वाटला, तर ठेवा. पोस्ट करायची घाई नाही. महिनाभरानं पुन्हा बघा. तेव्हाही थांबावंसं वाटलं, तर तो फोटो तुमचा.