मोटारसायकलीची परिभाषा : कोशातील आणि गॅरेजातील

एखाद्या यंत्राची परिभाषा म्हणजे त्याच्या सुट्या भागांच्या नावांची यादी, असा समज कोशकारांत बराच रूढ आहे. ह्या समजाची परीक्षा घेण्यास पुण्याइतके सोयीचे शहर दुसरे क्वचितच सापडेल. एके काळी सायकलींचे शहर म्हणून त्याची ख्याती होती. पुढे आकुर्डीचा बजाज कारखाना, 1966 साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संशोधनसंस्था, 1972 साली आलेली कायनेटिकची 'लूना' आणि नाना पेठेतील सुट्या भागांची दुकाने ह्यांमुळे दुचाकी वाहन येथील नित्य बोलण्याचाच विषय झाले. साहजिकच ह्या विषयाची मराठीही येथे घडली. पण ती घडली दोन ठिकाणी, आणि त्या दोन ठिकाणांचा परस्परांशी संबंध फारसा आला नाही.

पहिले ठिकाण कोशांचे. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड 1976 मध्ये प्रसिद्ध झाला. त्या कोशातील व तत्सम तांत्रिक लेखनात अंतर्ज्वलन एंजिनाचे सर्व प्रमुख भाग मराठीत नांदताना दिसतात. पिस्टनला दट्ट्या, व्हॉल्व्हला झडप, कनेक्टिंग रॉडला संयोगदांडा, क्रँकशाफ्टला भुजादंड, बेअरिंगला धारवा, फ्लायव्हीलला प्रचक्र आणि स्पार्क प्लगला ठिणगी-गुडदी. ही नावे हास्यास्पद नाहीत. दट्ट्या, झडप, गुडदी हे बोलीतून उचललेले शब्द आहेत आणि वस्तूचे कार्य ते डोळ्यांसमोर उभे करतात. असे असूनही नाना पेठेत जाऊन ठिणगी-गुडदी मागणाऱ्यास ती मिळणार नाही. ह्याचे खापर नेहमी संस्कृतप्रचुरतेवर फोडले जाते. वरील यादीकडे पाहता ते कारण पुरेसे वाटत नाही.

दुसरे ठिकाण गॅरेजचे. तेथील भाषा सकृद्दर्शनी इंग्रजी शब्दांची खिचडी भासते. व्याकरणाच्या दृष्टीने पाहिले म्हणजे मात्र ती पूर्णपणे मराठी असल्याचे दिसते. लिंगाचाच विचार करावा. मोटारसायकल, स्कूटर, मोपेड, बुलेट, पल्सर ही सारी नामे स्त्रीलिंगी आहेत. ट्रक आणि टेम्पो पुल्लिंगी राहिले, दुचाकी मात्र 'गाडी'च्या मागोमाग स्त्रीलिंगात गेली. ही ओढ किती प्रबळ आहे ह्याचा उत्तम पुरावा 1972 साली बाजारात आलेल्या 'चेतक'मध्ये सापडतो. चेतक हा राणा प्रतापाचा घोडा. घोडा म्हणून तो रणात 'पडला'. स्कूटर म्हणून मात्र ती रस्त्यात 'बंद पडली', आणि हे लिंगांतर कोणाही मराठी भाषकाला खटकले नाही.

अनेकवचनातही हेच आढळते. मराठीतील व्यंजनान्त स्त्रीलिंगी नामांचे दोन वर्ग आहेत: वीट–विटा, वाट–वाटा हा एक आणि भिंत–भिंती, म्हैस–म्हशी हा दुसरा. गॅरेजमध्ये रिंगेच्या रिंगा होतात, प्लेटच्या प्लेटा होतात, वायरच्या मात्र वायरी होतात. परके शब्द दोन्ही वर्गांत वाटले गेले आहेत. ही वाटणी कोणत्याही समितीने केलेली नाही. सामान्यरूपात अजून स्थैर्य आलेले नाही. 'इंजिनाचा आवाज' आणि 'इंजिनचा आवाज' दोन्ही ऐकू येतात, तर 'क्लचाची तार' असे म्हणणारा आता विरळा.

अर्थाच्या बाबतीत ह्या शब्दांनी अधिक स्वातंत्र्य घेतले आहे. 'ॲव्हरेज' म्हणजे सरासरी नव्हे, तर एका लिटरात गाडी जितके किलोमीटर जाते ते अंतर. 'ऑइल' म्हणजे फक्त वंगण. स्वयंपाकघरातले ते तेलच राहिले. 'सीसी' ही मूळची घन सेंटीमीटरांची खूण. दट्ट्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकताना जेवढी जागा व्यापतो तिचे ते घनफळ होय. जुन्या चेतकच्या सिलिंडरचा व्यास 57 मिलिमीटर आणि दट्ट्याची धावही 57 मिलिमीटर, त्यावरून 145.45 घन सेंटीमीटर हा आकडा येतो. बोलण्यात ती 'दीडशे सीसी'ची गाडी झाली आणि सीसी हे घनफळाचे माप न राहता वाहनाच्या, क्वचित वाहनमालकाच्याही, प्रतिष्ठेचे माप झाले. 'टॅपेट'चा प्रवास ह्याहून सूक्ष्म आहे. टॅपेट हे मुळात झडपेला ढकलणाऱ्या भागाचे नाव. कारागीर 'टॅपेट सेट करतो' तेव्हा तो झडपेचा दांडा आणि तिला दाबणारा भाग ह्यांमधील फट जुळवीत असतो. ही फट ठेवावीच लागते, कारण तापल्यावर धातू प्रसरण पावतो. फट कमी पडली तर झडप पुरती मिटत नाही आणि दाब निसटतो. जास्त झाली तर 'टॅपेट वाजतात'. वस्तूचे नाव असे पोकळीला मिळाले.

खरी गोम मात्र नामांत नसून क्रियापदांत आहे. गाडी दुरुस्तीस येते ती बिघडल्यामुळे, आणि बिघाड सांगण्यास नाम पुरत नाही. क्लचचे उदाहरण घ्यावे. इंजिनाची शक्ती गिअरपेटीकडे नेणाऱ्या चकत्या एकमेकींवर दाबून धरणे आणि हवे तेव्हा विलग करणे, एवढेच त्याचे कार्य. त्यामुळे त्यात दोन परस्परविरुद्ध दोष संभवतात. 'क्लच स्लिप होतो' म्हणजे चकत्या एकमेकींना धरीत नाहीत. मूठ पिळली की रेस होते, गाडी मात्र पळत नाही. 'क्लच सुटत नाही' म्हणजे चकत्या विलग होत नाहीत; गिअर टाकताना हिसका बसतो. पहिल्या प्रकारात तार फार ताणलेली असू शकते, दुसऱ्यात फार सैल. कोशात ह्या ठिकाणी एकच नोंद असते, तीही नामाची. तिच्या आधारे कारागिराने तार कोणत्या बाजूस फिरवावी हे कळण्याचा मार्ग नाही.

'जाणे' ह्या साध्या क्रियापदाकडे तर अभ्यासकांचे विशेष लक्ष जावयास हवे. प्लग गेला, आटे गेले, रिंगा गेल्या. ह्या सर्व प्रयोगांत भाग दुरुस्तीपलीकडे गेला असून बदलावा लागणार, असा निर्णय अभिप्रेत असतो. रिंगा झिजल्या म्हणजे वंगण वर चढून ज्वलनकक्षात जळते, धुरास निळसर छटा येते आणि 'गाडी ऑइल खाते'. त्या 'गेल्या' असे एकदा म्हटले की इंजिन उघडणे भाग असते. 'बॅटरी उतरली' आणि 'बॅटरी गेली' ह्यांत हाच भेद आहे. उतरलेली बॅटरी पुन्हा भरता येते, गेलेली विकत घ्यावी लागते. गिऱ्हाइकाच्या खिशाला किती झळ बसणार हे येथे केवळ क्रियापद ठरविते, आणि अनुभवी गिऱ्हाईक ते कान देऊन ऐकते. 'चोक' ह्या शब्दाची गंमत अशीच. 'चोक दिला' म्हणजे थंड इंजिन सुरू होण्यासाठी कार्ब्युरेटरातील हवा कमी करून मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढविले. 'कार्ब्युरेटर चोक झाला' म्हणजे त्यात कचरा अडकला. एकच नाम, दोन क्रियापदे. एक उपाय आणि दुसरा रोग.

कोशातील संज्ञा मागे पडल्या त्या ह्या ठिकाणी. दट्ट्या कसा 'जातो', भुजादंड कसा 'वाजतो', धारवा कसा 'धरतो' हे सांगणारी वाक्ये त्यांच्याबरोबर कोणी घडविली नाहीत. याउलट वंगण आणि अश्वशक्ती हे शब्द टिकले, कारण त्यांच्याभोवती वाक्ये होती: वंगण घातले जाते, वंगण संपते, अमुक अश्वशक्तीचा पंप बसविला जातो. 'आटे' हा शब्द तर कोणत्याही कोशाच्या आश्रयावाचून तगला. त्याच्या जागी इंग्रजी शब्द आणण्याची गरज गॅरेजला कधी भासली नाही. हा दुरावा केवळ तात्त्विक नाही. औद्योगिक प्रशिक्षणासाठी मराठीतून वाचणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती पुस्तकातील नामे पडतात आणि कामावर गेल्यानंतर वाक्ये कानी पडतात. दोहोंचा मेळ त्याने स्वतःच घालावा, अशी अपेक्षा असते.

ही बोली आता वेगाने पालटत आहे, म्हणून तिची नोंद करण्याची निकड अधिक. 1 एप्रिल 2020 पासून प्रदूषणाचे सहाव्या टप्प्याचे निकष लागू झाले. ते पाळण्यासाठी बहुतेक नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर गेला आणि मोजून इंधन फवारणारी, संवेदकांवर अवलंबून असणारी योजना आली. तिच्यात हाताने चोक देण्याचे कारण उरले नाही. कार्ब्युरेटर खोलून फुंकर मारणे हा ज्याच्या कौशल्याचा भाग होता, त्या कारागिराच्या हाती स्कॅनर आला. दोष आता आकड्यांच्या संकेतात दिसतो. गिऱ्हाइकाला तो सांगावयाचा म्हटल्यास मात्र 'सेन्सर गेला' असेच म्हणावे लागते. त्याच 2020 साली 'चेतक' हे नाव विजेवर चालणाऱ्या स्कूटरला मिळाले. हिला किक नाही, प्लग नाही, रिंगा नाहीत. 'ॲव्हरेज'ची जागा 'रेंज' घेऊ लागली आहे. बॅटरी पूर्वी क्वचित उतरत असे आणि ते बिघाडाचे लक्षण असे; आता ती रोज उतरते आणि रात्री भरली जाते. 'उतरणे' हा दोष होता तो नित्यक्रम झाला. 'जाणे' मात्र कितीतरी अधिक महाग झाले आहे.